कोटांच्या खोलीतून

ब्रेमरहाफनला गोदीजवळच्या थिएटरात
तळघरात मी कोट सांभाळते.
तीनशे चाळीस खुंट्या, पितळी बिल्ले,
आणि नोव्हेंबरचा वास: ओली लोकर, तंबाखू, मासळी.
नाटक मला दिसत नाही. छतातून झिरपतं तेवढंच.
वर ढोलक तापला
की खाली रिकामे हँगर एकमेकांना लागतात.

आज वर हिंदी सिनेमा होता.
म्हणजे सिनेमा नव्हे, त्याच्यासारखं काहीतरी,
गाण्यानाचाचं, ट्रकांतून आलेलं, तीन रात्रींसाठी.
पोस्टरवर एवढी मोठी बाई, एवढासा हत्ती.

अकराला पडदा पडला
आणि जिन्यावरून आधी मतं उतरली,
माणसं त्यांच्या मागून.

एकशे सतरा, लांब काळा ओव्हरकोट:
"फार ताणलं. शेवट तर मध्यंतरातच कळला होता."
बाहीत हात घालताना गृहस्थ शीळ घालत होते.
चाल तीच, फक्त बेसूर.

बासष्ट-त्रेसष्ट, दातांचे डॉक्टर बेदी आणि त्यांची बायको:
"हा कसला आपला सिनेमा!
आपल्यात आई अशी मरते का,
दोन मिनिटांत, गाण्याशिवाय?"
"पण रडलात की."
"सर्दी आहे मला."

फिन्या, वय पंधरा, बिल्ला हरवलेला:
"तिनं त्याला माफ का केलं? मी नसतं केलं."
आजी काही बोलली नाही.
कोटाची बटणं मात्र एक घर चुकवून लावली,
वरपासून खालपर्यंत.

नेवझात, बस चालवतो:
"लहानपणी अदानात आम्ही उघड्यावर बघायचो,
हिरोच्या गालावरून पाल जायची.
इथं सगळं फारच धुतलेलं आहे."

चेन्नईचा इळंपरिदी जहाजं बांधायला शिकतो.
दोस्ताला समजावत होता, भारत म्हणजे एवढंच नव्हे,
आमची भाषा वेगळी, आमचे सिनेमे वेगळे.
दोस्त मान डोलावत होता,
खांदे अजून नाचत होते.

"रंग! काय ते रंग!" असं सात जण म्हणाले, मी मोजले.
सातही जण करडे कोट घालून गेले.

मला कुणी विचारत नाही.
काबूलला मामाकडे व्हिडिओ होता, चोरून आणलेला.
खिडकीला घोंगडी, आवाज इतका बारीक
की गाणं हिरोइनच्या ओठांवरून ओळखायचं.
इथं उलटं आहे.
गाणं येतं, ओठ येत नाहीत.

सगळे गेल्यावर एक मुलगा खाली आला,
डोळ्यांत काजळ तसंच, गळ्याला मफलर.
वरचा हिरो. लेस्टरचा, नाव निमेष.
"लोक काय म्हणत होते?"
माझी हिंदी सिनेमातली,
प्रेमिकांची आणि पोलीस इन्स्पेक्टरांची.
मधलं काही येत नाही.
तरी सांगितलं त्याला. पाल सांगितली नाही, ताणलेलं सांगितलं नाही.
दोनशे नऊ सांगितलं:
बाईच्या खांद्यावर पेंगणारं पोर, एका पायात बूट नाही.
म्हणाली, खुर्चीखाली पडला मघाशी,
वाकले असते तर गाणं गेलं असतं.
मग घाईत शोधायचाच राहिला.

तो वर गेला. बऱ्याच वेळानं आला
गुडघ्यांना धूळ आणि हातात लाल बूट घेऊन.
मी तो दोनशे नऊवर टांगला.

"आणि तुम्हाला?" जाताजाता म्हणाला.
"तुम्हाला कसं वाटलं?"

सव्वीस वर्षं कोट देते मी या खिडकीतून.
घसा खाकरला.
"दुसऱ्या गाण्यात ढोलक घाई करतो."
मला वाटलं, हसेल.
तो हसला नाही. "सांगतो त्याला," म्हणाला.

दुसऱ्या रात्री, दुसरं गाणं.
कुणाचा तरी कोट हातात धरून मी तशीच उभी राहिले.
हँगर वाजले,
किंचित उशिरा.